मेजितभाऊ आणि खाटीक पाखरू

मेजितभाऊ नवरी आणायला गेला तेव्हा त्याच्या डाव्या मुठीवर शिक्रीण, म्हणजे शिकारीच्या शिक्र्याची मादी, बसलेली होती. मी तेव्हा नाक पुसायची अक्कल नसलेली पोर होते, पण वरातीच्या पुढे पुढे धावत होते. त्यामुळे हे ऐकीव नाही. मुलीच्या अंगणात मशकबाजा थांबला. सासरा दारात आला. त्याने एकदा जावयाच्या मुठीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि म्हणाला, "पोरा, दोघी एका घरात नांदणार कशा?"

मेजितभाऊने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "काका, ही फक्त ऑक्टोबरपर्यंतच आहे."

लाल ओढणीआड नवरी, म्हणजे नूरिये, हसली. "तेवढंच चुकलं माझं," असं ती अजून सांगते. "रडले असते तर बापाने परत आत नेलं असतं."

तेव्हापासून दर वर्षी तिच्या घरी सवत येते. उन्हाळा उतरला की येते आणि लावे पक्षी संपले की जाते. नूरियेताईच्या भाषेत, "माझ्या सवतीला माहेरपण नाही, सासरपणच आहे. तेही दोन महिन्यांचं. बाकीचे दहा महिने हा तिच्या आठवणीत, आणि मी चहाच्या मळ्यात."

आमची वस्ती समुद्राकाठच्या आर्हावी गावाच्या वरच्या अंगाला. घरं उतारावर विखुरलेली आणि मधे चहाचे मळे. शेजारणीकडे मीठ मागायचं तर हाक मारावी लागते आणि अख्ख्या दरीला कळतं की आमच्याकडचं मीठ संपलं. अशा ठिकाणी कुणाचं काही झाकून राहत नाही. मेजितभाऊ सुतार. हात सोन्याचा, पण सप्टेंबरमध्ये तो हात रिकामा नसतो. माझ्या गोठ्याचं दार गेली कित्येक वर्षं एका बिजागरीवर लटकतंय, कारण ते मोडतं नेमकं शिक्रिणीच्या दिवसांत. मी विचारलं की म्हणतो, "पाकिझे, ही बघ, आत्ता कुठे माझ्या मुठीवर पीस फुलवून बसायला लागली. हातोड्याचा आवाज झाला तर आठवड्याची मेहनत पाण्यात जाईल." माझी गाय त्याच्या शिक्रिणीपुढे काय बोलणार?

आमच्याकडची शिकार शेपटीकडून सुरू होते. आधी वाफ्यातली माती उकरून जाडा रातकिडा शोधायचा, तो मातीत राहणारा, फावड्यासारख्या पायांचा. त्याच्या लालचेने खाटीक पक्षी सापळ्यात येतो. खाटीक म्हणजे अक्रोडाएवढं पाखरू, पण जात कसायाची. किडे धरून काट्यांवर टोचून ठेवतं. मग तो खाटीक काठीवर बसवायचा, डोंगराच्या सोंडेवरच्या झोपडीत दडून काठी हलवायची, आणि त्याची फडफड पाहून वरून जाणारी शिक्रीण झेपावते ती थेट जाळ्यात. शिक्रीण आठ-दहा दिवसांत माणसाळली की तिला लाव्यांवर सोडायची. म्हणजे एका लाव्याच्या पुलावासाठी चौघांचा जीव टांगणीला. बायको धरली तर पाचांचा.

यातली एक गोष्ट महत्त्वाची. काठीवरच्या खाटकाला वरचं काही दिसता कामा नये. वरून शिक्रीण येताना दिसली तर तो भीतीने काठीला चिकटून गप्प बसतो, आणि फडफड नाही तर शिक्रीणही नाही. म्हणून त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पिसाचं इवलंसं छप्पर बांधतात, पापणीच्या कडेला रेशमाच्या धाग्याने. खालचं दिसतं, दाणापाणी दिसतं, आभाळ दिसत नाही. हे छप्पर बसवण्यात मेजितभाऊचा हात धरणारा दरीत कुणी नव्हता. लोक आपापले खाटीक टोपीत घालून त्याच्याकडे आणायचे. नूरियेताई कपाळावर हात मारायची. "याच्या सदऱ्याचं बटण मी लावायचं, आणि पाखराच्या पापणीला टाका हा घालणार!"

आता मागच्या शरदातली गोष्ट सांगते.

त्या वर्षी त्याला मोसमाच्या सुरुवातीलाच शिक्रीण मिळाली. चांगली होती. चहाखान्यात सगळ्यांनी तिला पाहिलं, छाती पाहिली, नख्या पाहिल्या, "माशाल्ला" म्हणाले. आता रीत अशी की शिक्रीण हाती आली की खाटकाचं काम संपलं. छपराचे धागे कापायचे आणि त्याला सोडायचं. त्याचे भाईबंद तेव्हा दक्षिणेकडे निघालेले असतात. त्यांच्या मागोमाग तोही जातो, पार आफ्रिकेत म्हणे. पण दोनच दिवसांनी शेवकेतला जी मिळाली ती मेजितभाऊच्यापेक्षा बोटभर मोठी निघाली.

शेवकेत म्हणजे मेजितभाऊचा जन्माचा जोडीदार आणि जन्माचा दुस्मान. चहाखान्यात तो आपली शिक्रीण घेऊन मुद्दाम शेजारी बसला आणि म्हणाला, "मेजित, तुझी पण छान आहे हं. घरात मुलींना खेळायला."

झालं. मेजितभाऊने खाटीक सोडला नाही. अजून एक मोठी येईल, या आशेवर पाखरू ओसरीतल्या काठीवरच राहिलं. रोज खिमा मिळत होता, पाणी मिळत होतं, पण डोळ्यांवर छप्पर तसंच. मी चहाची टोपली पाठीवर घेऊन जाता-येता विचारायचे, "मेजितभाऊ, या पाहुण्याला निरोप कधी?"

"उद्या."

असे कितीतरी उद्या गेले. दुसरी मोठी काही आली नाही. गावातले बाकीचे खाटीक केव्हाच गेले होते.

ऑक्टोबर सरताना शिक्रीण सोडायचा दिवस आला. मेजितभाऊ हे काम लग्नासारखं करतो. आदले काही दिवस तिला पोटभर खाऊ घालतो, वाटखर्ची म्हणून. मग सोंडेवर माणसं जमतात, इमामसाहेबही येतात. पायातला पट्टा काढायचा, घुंगरू सोडवायचं. एरवी लाव्यावर फेकायची ती त्या दिवशी आभाळात फेकायची. तिला तळहातात धरून चेंडूसारखी फेकली, ती समुद्राच्या बाजूने वर गेली, माणसं ओरडली. मेजितभाऊच्या दुसऱ्या हातात खाटकाची काठी होती. नजर शिक्रिणीवर, आणि न बघताच त्याने दातांनी खाटकाच्या पायाची गाठ सोडली. खाटीक खालच्या झुडपांत उतरला. कुणाचं लक्षच नव्हतं. वरात बघायची की वाजंत्र्याचं पोर कुठे गेलं ते बघायचं?

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. खरं म्हणजे सोहळा कसा झाला ते ऐकायला, दाखवायला म्हणून हातात थोडं लोणी. मेजितभाऊ काळ्या कोबीचं सार मक्याच्या भाकरीशी खात होता आणि शिक्रीण कशी गेली ते हाताने करून दाखवत होता. नूरियेताईने सहज विचारलं, "आणि तो छोटा?"

"सोडला की."

"डोळ्यांवरचे धागे कापून?"

"मग काय!"

"कशाने कापलेस? कात्री तर माझ्या टोपलीत आहे. सकाळपासून मी तिने घेवड्याच्या शेंगा कापतेय."

मेजितभाऊचा हात हवेतच राहिला, शिक्रीण उडवलेला. मग तो हळूच खाली आला. त्याने चमचा ठेवला, आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि टोपी न घालताच बाहेर गेला. आमच्याकडचा माणूस टोपीशिवाय बाहेर पडला म्हणजे एक तर घराला आग लागलेली असते, नाही तर कुणी गेलेलं असतं. अंधार पडेपर्यंत खालच्या मळ्यातून त्याच्या शिटीचा आवाज येत होता, खाटकाला खिमा दाखवताना घालायचा तसा.

दुसऱ्या दिवसापासून गावाला करमणूक मिळाली.

चहाखान्यात शेवकेत म्हणाला, "अरे, अक्रोडाएवढं पाखरू आणि म्हशीएवढं दुःख! एवढं तर तुझ्या सासऱ्यासाठी रडला नाहीस."

मेजितभाऊ म्हणाला, "सासऱ्याचे डोळे मी बांधले नव्हते."

"जाईल कुठेतरी. पाखरूच ते."

"जाईल कसा? त्याला वरचं दिसत नाही. आभाळ दिसत नसताना समुद्र कसा ओलांडायचा? तू ओलांडशील?"

"मला दिसत असूनही मी नाही ओलांडला. बायको सोडत नाही," असं म्हणून शेवकेतने सगळ्यांना हसवलं. मेजितभाऊने मात्र आपला चहा तसाच सोडला. आमच्या दरीत हे फार गंभीर लक्षण समजलं जातं.

मग तो इमामसाहेबांकडे गेला. इमामसाहेबांनी त्या मोसमात मेजितच्याच शिक्रिणीने धरलेले लावे चवीने खाल्ले होते, त्यामुळे फार कडक बोलणं त्यांना शोभलं नसतं. ते म्हणाले, "चूक जाणूनबुजून केली नाहीस. अल्ला दयाळू आहे. गरिबाला जेवू घाल, मनाने माफी माग."

"इमामसाहेब, तुम्हाला पुलाव खायला बोलावलं ते जाणून केलं, आणि खाटीक विसरलो ते न जाणता केलं, असं कसं?" मेजितभाऊ म्हणाला. "शेवकेतपेक्षा मोठी पाहिजे म्हणून मी त्याला ठेवला, हे तर जाणूनच होतं ना? माफी मागायची ती त्याच्याकडे. तो कुठे आहे तेवढं सांगा."

इमामसाहेबांनी दाढी कुरवाळली. इतका अवघड प्रश्न त्यांच्याकडे याआधी आला नव्हता. आमच्याकडे लोक विचारतात ते मेंढी कुणाची आणि बांध कुणाचा.

त्यानंतर मेजितभाऊने जे केलं ते पाहून मी स्वतः टोपली खाली ठेवून हसले. त्याने टोपीची झापड भुवयांच्या खाली ओढली, पुठ्ठ्याचा एक तुकडा लावून ती आणखी लांबवली, आणि तसाच मळ्यांतून फिरू लागला. समोरचं दिसत नव्हतं, वरचं तर नाहीच, फक्त पायांजवळची जमीन. चहाची पोती खाली पाठवायच्या तारेच्या खांबावर तो दणकन आपटला. मी ओरडले, "मेजितभाऊ, खांब इथे तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे!"

तो खाली बसला, कपाळ चोळत. "पाकिझे, त्याला जे दिसतं तेच बघून चालतोय. म्हणजे कळेल की तो कुठे जाईल."

"मग, कुठे जाईल?"

"लांब नाही जाणार. मी तरी नाही गेलो." टोपी वर न करताच तो बोलत होता. "भीती वाटते गं. काय कुठून अंगावर येईल ते कळतच नाही. मी शेकडो खाटकांचे डोळे शिवले असतील. त्यांना असं वाटत असेल हे मला कधी... मी म्हणायचो, बिचाऱ्याला शिक्रीण दिसत नाही ते बरंच."

मग मला हसू आलं नाही. मी त्याला खांबापासून वाटेवर आणून सोडलं.

दिवस जात होते. वर कचकारच्या शिखरांवर बर्फ धरलं होतं. पाऊस तर आमच्याकडे पाहुणा नाहीच, घरजावई आहे. मेजितभाऊ वाळत चालला. नूरियेताई त्याला टोमणे मारायची थांबली आणि तेव्हा मला खरी काळजी वाटली. एकदा मात्र तिने सुनावलं. तो म्हणत होता की आता थंडी आहे, किडे मातीत खोल गेले, पाखरू मेलंच असेल, आता शोधून काय उपयोग.

"मेलं असेल तर मेलेलं आण," ती म्हणाली. "तुझ्या हाताने शिवलंस, तुझ्या हाताने उसव. मग गप बस घरात."

आणि सापडलं ते तिलाच. ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे कोबीची पानं तोडत होती. बांधावर काटेरी झुडूप आहे. खालच्या फांद्यांवर, गुडघ्याच्याही खाली, काट्यांना टोचलेले किडे तिला दिसले. एक गांडूळ, दोन भुंगेरे, कोंबडीच्या खुराड्यातली एक अळी. तिने हाक मारली ती अशी की समोरच्या डोंगरावरचे लोकही बाहेर आले. मी पोचले तेव्हा मेजितभाऊ चिखलात गुडघे टेकून बसला होता.

"खाटीक किडे टोचतो ते उंच," तो पुटपुटला. "चांगलं छातीएवढ्या उंचीवर, चारी बाजू बघून. हा खाली टोचतोय."

"दुसरा कुणी असेल," मी म्हणाले.

"दुसरे सगळे गेले, पाकिझे. इथे राहिला असेल तो हाच. ज्याला जाता आलं नाही तो."

मग आम्ही दोघी कुदळी घेऊन वाफ्यात उतरलो, रातकिडा शोधायला. गार चिखलात कोपरापर्यंत हात घालून. चाळीसेक वर्षं नवऱ्याच्या या खुळाला शिव्या दिलेली बाई त्याच खुळासाठी स्वतःचा लसणाचा वाफा उकरत होती. मी म्हणाले, "नूरियेताई, सवतीच्या घरच्यांसाठी एवढं करतात का कुणी?" ती म्हणाली, "तोंड बंद ठेव आणि खण. इथे एक होता, माझा लसूण खाणारा, त्याला मी ओळखते."

मिळाला एकदाचा. मेजितभाऊने सापळा जमिनीलगत लावला आणि खुराड्यामागे पोतं पांघरून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन निघाले होते, तेवढ्यात तो येताना दिसला. दोन्ही हात एकमेकांवर धरलेले, जणू पाणी सांडेल. आत खाटीक होता. नुसती पिसं आणि चोच.

स्वयंपाकघरात चुलीजवळ त्याने मूठ उघडली. एका डोळ्यावरचं छप्पर जागेवर होतं. दुसऱ्या डोळ्यावरचं पावसाने भिजून आत वळलं होतं, आणि त्याच्या टोकाने... ते मी सांगत नाही. त्या बाजूला डोळा उरला नव्हता.

"नूरिये, कात्री," तो म्हणाला.

तिने दिली. पण ज्या माणसाने दरीभरच्या खाटकांच्या पापण्या शिवल्या त्याला एक धागा कापता येईना. शेवटी नूरियेताईने त्याच्या हातातून ती काढून घेतली, चष्मा लावला आणि एकाच फटक्यात धागा कापला. पिसाचा तुकडा खाली पडला. पाखराने एकच डोळा उघडला, आणि त्याला सगळ्यात आधी दिसला तो मेजितभाऊ.

त्याने मेजितभाऊच्या बोटाला कडकडून चावा घेतला. खाटकाची चोच वाकडी असते, सोडत नाही. रक्त आलं.

"अरे, सोडव ना!" मी ओरडले.

"चावू दे," मेजितभाऊ म्हणाला. "चाव बाबा."

पोट भरेपर्यंत चावला तो. मग नूरियेताईने खिमा आणला.

आता प्रश्न पडला, करायचं काय? एका डोळ्याचं पाखरू, बाहेर बर्फ, भाईबंद आफ्रिकेत. सोडावं तर मरणार. ठेवावं तर पुन्हा कैद, आणि तीही त्याच माणसाच्या घरात. मेजितभाऊ दिवसभर खिडकीजवळ उभा होता. संध्याकाळी नूरियेताईने चुलीमागे फांदी ठोकली आणि सांगितलं, "इथे राहील." आणि मग तिच्या तोंडाला धार परत आली. "वा रे सवत! स्वतः ऑक्टोबरमध्ये निघून गेली आणि पोर माझ्या गळ्यात बांधून गेली."

हिवाळाभर खाटीक त्यांच्या स्वयंपाकघरात राहिला. मोकळा, दोरी नाही. मेजितभाऊ जेवायला बसायचा तो मुद्दाम पाखराच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला. एकदा मी म्हटलं, "त्या बाजूला बस ना, म्हणजे तो तुझ्याकडे असा टवकारून बघणार नाही."

"बघू दे," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूला बसलो तर मीच लपतोय असं होईल."

मे महिन्यात खाटीक परतले. हेझलनटच्या झाडीत त्यांची किरकिर सुरू झाली. नूरियेताईने खिडकी सताड उघडली. आमचा एकडोळ्या उडून चौकटीवर बसला, मान वाकडी करून सगळं ऐकलं, एकदा अंगणातल्या झाडापर्यंत जाऊन आला, वाटेत दोरीवरच्या चादरीवर धडकला, आणि परत चुलीमागे. मेजितभाऊ अंगणात उभा होता. त्याने पाखराला बाहेर हाकललं नाही. मात्र खिडकी उघडीच ठेवली, पूर्ण उन्हाळाभर. माश्या किती झाल्या ते नूरियेताईला विचारा.

या सगळ्यात गावाला एकच उत्सुकता. यंदा मेजित सोंडेवर जाणार का? चहाखान्यात पैजा लागल्या, चहाच्याच. शेवकेत बाहेर म्हणायचा, "नाही गेला तर बरंच, मला कुणी ताप द्यायला नको." पण रोज काहीतरी काम काढून तो मेजितभाऊच्या घरावरून जायचा आणि त्याची जाळी ओसरीत काढली आहे का ते पाहायचा.

ऑगस्ट संपत आला. समुद्राकडून वारा फिरला. मेजितभाऊ माझ्या गोठ्याचं दार दुरुस्त करत होता, हो, शेवटी! आणि त्याची डावी मूठ आपोआप आवळली गेली. मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. हातोडा ठेवून म्हणाला, "पाकिझे, हा हात माझं ऐकत नाही गं. सगळं कळतं, तरी ऐकत नाही."

"दार तरी पुरं कर."

दार पुरं झालं नाही.

त्याने नवा खाटीक धरला. लोक आपापले खाटीक शिवायला घेऊन आले, त्यांना त्याने परत पाठवलं. स्वतःच्या खाटकालाही छप्पर घातलं नाही. तसाच, डोळे उघडे, काठीवर बसवून सोंडेवर निघाला. शेवकेतने वाटेतच गाठलं.

"बिनछपराचा खाटीक? शिक्रीण दिसल्यावर हा नाचेल की मुतेल?"

"त्याला काय वाटेल ते करू दे."

"मेजित, अशाने आयुष्यात शिक्रीण मिळणार नाही."

"नाही मिळाली तर नाही."

"मग जातोस कशाला?"

मेजितभाऊ वर चढत राहिला. जातो कशाला? भूक लागली म्हणून माणूस हलवायाच्या दुकानासमोर उभा राहतो, तसा.

बरेच दिवस तो रिकाम्या हाताने उतरत होता. शेवकेतला मिळाली, इतरांना मिळाल्या. चहाखान्यात सगळ्यांच्या मुठीवर शिक्रिणी, आणि मेजितभाऊ आपला दोन्ही हातांनी चहा पितोय. त्याला तसं बघायची कुणाला सवय नव्हती. हसणारेही हसताना थोडं इकडेतिकडे बघायचे.

मग एका दुपारी मी वरच्या मळ्यात चहा खुडत होते. डोक्यावरून एक सावली गेली. मान वर केली आणि माझ्यासारख्या, या खुळाशी काही देणंघेणं नसलेल्या बाईच्याही तोंडातून "अल्ला!" निघालं. अशी शिक्रीण मी पाहिली नव्हती. रुंद, काळसर, पंखांत घाई नाही. ती सरळ सोंडेवरच्या झोपडीकडे गेली, वळली, पुन्हा वळली. मी टोपली टाकली आणि वाट बघत बसले. आता जाळं हलेल, आता मेजितभाऊची आरोळी येईल.

आरोळी आली नाही. शिक्रीण तिसऱ्यांदा वळली आणि डोंगराच्या कडेने दक्षिणेला निघून गेली.

थोड्या वेळाने मेजितभाऊ उतरताना दिसला. काठी काखेत, उजवा हात छातीशी धरलेला, मोडल्यासारखा. खालून शेवकेत धापा टाकत चढून आला होता. त्यालाही ती दिसली होती.

"पाहिलीस?" शेवकेत ओरडला. "पाहिलीस का ती? तुझ्याच झोपडीवर तीनदा फिरली!"

"पाहिली," मेजितभाऊ म्हणाला. "आपल्या बापाच्या वेळेपासून अशी आली नसेल इथे. काय होती रे, शेवकेत! डोळे सुद्धा दिसले मला तिचे."

"मग? काठी का नाही हलवलीस? एकदा हलवली असती तर जाळ्यात होती!"

"हलवणार होतो. पण खाटकाला ती दिसली ना. तो काठीवरून पळाला आणि माझ्या बाहीत शिरला. पार कोपरापर्यंत. अंगभर थरथरत होता. हात कसा हलवू, तूच सांग."

शेवकेत तिथेच बांधावर बसला.

नूरियेताई कोबीच्या वाफ्यातून वर आली. तिने नवऱ्याच्या बाहीकडे पाहिलं. बाहीवर आतून पाखराने घाण केलेली, डाग बाहेर आलेला. "शी! काढ तो सदरा," ती म्हणाली. "आत्ताच भिजत घालते, नाही तर जायचा नाही."

"आत्ता नको," मेजितभाऊ हळू आवाजात म्हणाला आणि हात छातीशी आणखी जवळ घेतला. "अजून आतच आहे. आत्ता कुठे थरथर थांबली."